रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : एक शिक्षक व पाषाणसंशोधक

विद्यार्थिमित्रहो, सुटीच्या दिवशी पांडवलेण्यांच्या डोंगरावर आपणांपैकी कोण गेला नसेल? तेथील लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या पोटातून उसळलेल्या तप्त रसाचा बनलेला आहे. थरावर थर साचत गेले व त्यांचेच हे आपले सह्याद्रीचे डोंगर झाले. त्या रसात जे सापडले ते जळून गेले. म्हणून नाशिकच्या कातळात पोकळीपोकळींतून सुंदर स्फटिक मिळतात, परंतु प्राचीन प्राण्यांची हाडे सहसा मिळत नाहीत.

तथापि आपल्या घाटावरून वाहणारे पाणी अशा एका प्रदेशात जाते की, जेथे ही उणीव भरून निघते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी मजल दरमजल करीत महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचापाशी पोहोचते. तेथे उत्तरेकडून प्राणहिता नदी येऊन तिला मिळते. नागपूरची नाग नदी कन्हानेस, कन्हान वैनगंगेस व वैनगंगा प्राणहितेस मिळत असल्यामुळे नाशिकचे पाणी व नागपूरचे पाणी ह्या संगमावर एकत्र होते. ह्या खोऱ्यात आपल्या काळ्या कातळाहून कितीतरी जुने असे वालुकाश्म, तांबड्या मातीचे थर व चुनखडक उघडे पडले आहेत. त्यांतील काही थरांस सिरोंचाजवळच्या कोटा ह्या लहानशा गावावरून भूगर्भशास्त्रात कोटा हेच नाव मिळाले आहे.

त्या कोटा थरांत, आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली ह्या गावाजवळ, एका प्रचंड प्राण्याची हाडे निघाली. १९५८ साली शोध लागला व १९६१ साली मोठे उत्खनन झाले. लांब मान, लांब शेपूट, स्तंभासारखे चार पाय आणि केवळ झाडपाल्यावर निर्वाह, असा हा प्राणी ज्युरासिक युगाच्या पूर्वार्धात, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, येथे कळपाने हिंडत असे. त्याच्या मांडीचे एकच हाड दीड मीटरहून अधिक लांब होते! निदान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडे हाती आली. १९७५ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव बारापासॉरस टागोराय असे ठेवले. बंगाली भाषेत बडा पा म्हणजे मोठा पाय; आणि उत्खननाचे वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे होते, म्हणून त्यांचे नाव त्यास जोडले. त्याचा उभा केलेला सांगाडा कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे.

परंतु ह्या शोधाच्या शंभर वर्षे आधी, जेव्हा असे लांब मानेचे भूचर महाकाय कधी पृथ्वीवर होते हेच जगास नीट ठाऊक नव्हते, तेव्हा ह्याच खोऱ्यातील दगड एक शाळामास्तर मोठ्या काळजीने जमवीत होते. त्या शिक्षकाचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांस सादर करावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील डन्स ह्या लहान गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करणारे व धर्मनिष्ठ गृहस्थ होते. दगडाच्या सहवासात वाढलेल्या ह्या मुलास सृष्टिनिरीक्षणाची गोडी बाळपणीच लागली. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले व त्यांनी धर्मोपदेशकाचा पेशा पत्करला.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. उपाध्याय नेमण्याचा अधिकार जमीनदारांचा की उपासक मंडळीचा, हा वादाचा मुद्दा होता. चारशेंहून अधिक धर्मोपदेशकांनी आपली घरे व वेतने सोडून स्वतंत्र मंडळी स्थापिली. तरुण हिस्लॉप ह्या नव्या मंडळीचे होते. तिचे धुरीण डॉ. टॉमस चामर्स हे मोठे धर्मवेत्ते. पृथ्वीचे वय अतिशय मोठे आहे, ह्या भूगर्भशास्त्राच्या सिद्धांताने पवित्र शास्त्रास धक्का पोहोचत नाही, असे ते पूर्वीपासून प्रतिपादन करीत आले होते. ह्या वातावरणात तयार झालेल्या हिस्लॉप ह्यांस हातोडी व धर्मग्रंथ एकाच पिशवीत ठेवण्यात कसलाही संकोच वाटला नाही.

मद्रास पलटणीतील विल्यम हिल नामक अधिकाऱ्याने दिलेल्या मोठ्या देणगीतून नागपुरास मिशन काढण्याचे ठरले होते. त्या कामी हिस्लॉप ह्यांची नेमणूक झाली. विवाह करून पत्नीसह ते निघाले, १८४४ च्या डिसेंबरात मुंबईस उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्या काळी हा प्रवास सोपा नव्हता. मुंबईहून नागपुरापर्यंत आगगाडी पोहोचली ती १८६७ साली. नागपुरावर तेव्हा तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. इंग्रज रेसिडेंट सीताबर्डीस राहत असे व फौजेची छावणी कामठीस असे. हिस्लॉप ह्यांनी मराठीचा अभ्यास आरंभिला व १८४६ साली नागपुरात शाळा उघडली. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले.

हे लक्षात ठेवावे की, हिस्लॉप हे धर्मप्रसारासाठी आलेले मिशनरी होते. दगड गोळा करण्याकरिता त्यांस कोणी पाठविले नव्हते. दिवसाचा सारा वेळ शाळा, उपदेश व भाषाभ्यास ह्यांत जाई. थंडीच्या दिवसांत गावोगाव फेरी होई. भूगर्भशास्त्रासाठी उरे तो पहाटेच्या वा सायंकाळच्या फेरफटक्याचा वेळ. परंतु ज्याचे डोळे उघडे आहेत त्यास फेरफटकाही पुरतो.

१८५१ साली दोघे मित्र नागपूरच्या पश्चिमेस फिरावयास गेले असता, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला मातकट खडकाचा एक पातळ पट्टा त्यांच्या दृष्टीस पडला व त्यात गोगलगाईचा एक दगड झालेला शिंपला दिसला. ही जात गोड्या पाण्यात राहणारी. मग दोन अग्निरसांच्या थरांमध्ये ती आली कशी? विचारांती उत्तर मिळाले. रसाचे सर्व थर एकाच वेळी पसरले नव्हते. मध्यंतरी दीर्घ काळ शांततेचा गेला. त्या अवधीत तळी झाली, झाडे उगवली, जीव नांदले. आणि नंतर पुन्हा रसाचा लोट येऊन त्याने सर्व झाकून टाकले. आज नागपूर शहरात सामावून गेलेल्या टाकळी गावाजवळ ह्याच पट्ट्यात त्यांस दगड झालेली फळे, बिया, लाकूड व भुंग्यांचे पंखदेखील मिळाले.

एवढ्याने गोडी लागली. कामठीजवळील सिलेवाड्याच्या खाणींतील वालुकाश्मावर पानांचे ठसे होते. ते त्यांनी जमविले. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथे एका रुंद डोक्याच्या प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला पाठविली असता विख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनी ती बेडकाच्या दूरच्या आप्ताची आहे असे ठरवून तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. १८५५ साली हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूर प्रांताच्या भूरचनेवरील विस्तृत निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे हंटर ह्यांस स्वदेशी परतावे लागले व पुढचे काम हिस्लॉप ह्यांनी एकट्याने चालविले.

गोदावरीच्या खोऱ्यातील मळेडी येथील तांबड्या मातीच्या थरांतून मिळालेले चमत्कारिक माशाचे दात हिस्लॉप ह्यांनी तज्ज्ञांच्या नजरेस आणले. सरकारी भूगर्भखात्याचे प्रमुख ओल्डहॅम ह्यांनी १८५९ साली त्या माशास हिस्लॉप ह्यांचे नाव दिले. अशा दातांचा मासा जगात कोठेही जिवंत उरलेला नाही, असा तेव्हा समज होता. पुढे १८७० साली ऑस्ट्रेलियातील एका नदीत त्याचा जिवंत वंशज सापडला. फुप्फुसाने श्वास घेणारा तो मासा पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले. परंतु तोपर्यंत हिस्लॉप ह्यांस जाऊन सात वर्षे लोटली होती.

आता आपल्या महाकाय प्राण्यांकडे वळू. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे खेडे आहे. तेथील शेतांतून मोठमोठ्या हाडांचे तुकडे पडलेले असत व त्यांबरोबर विचित्र आकाराचे गोटेही असत. हिस्लॉप ह्यांनी दोन्ही जमविले. ते गोटे म्हणजे प्राचीन प्राण्यांचे दगड झालेले शेण होते! आपणांस हसू येईल. परंतु तेही त्यांनी हाडांइतक्याच आदराने वेष्टणात बांधून, गावाचे नाव लिहून ठेवले.

ही हाडे कोणाची, हे त्या काळी कोणासच नीट सांगता आले नसते. डायनोसॉर हा शब्दच मुळी १८४२ साली ओवेन ह्यांनी बनविला होता. आणि लांब मानेच्या महाकायांची जी थोडी हाडे इंग्लंडात मिळाली होती, ती त्याच ओवेन ह्यांस समुद्रात पोहणाऱ्या मगरीसारख्या प्राण्याची वाटली होती. पुढे १८७० नंतर अमेरिकेत पुरते सांगाडे निघाले, तेव्हा ह्या प्राण्यांची खरी आकृती जगास कळली. हिस्लॉप ह्यांच्या हाती जे आले होते त्याचे पूर्ण मोल जाणण्याचा काळ अद्याप यावयाचा होता.

येथे त्यांच्या थोरवीचे खरे मर्म सांगितले पाहिजे. हिस्लॉप ह्यांचे निष्कर्ष सर्वच बरोबर ठरले असे नाही. काळ्या कातळांच्या थरांमधील पट्टे ते ठरले त्याहून नवे आहेत, असे त्यांचे मत होते. दगडी कोळशाचे थर ज्युरासिक युगातील असावेत असे त्यांनी मांडले. ते त्याहून पुष्कळ जुने आहेत, असे पुढे सिद्ध झाले. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. कोणता अवशेष, कोणत्या गावी, कोणत्या थरात व कशाच्या सोबत मिळाला, ह्याची नोंद त्यांनी चोख ठेवली होती. आपले अनुमान एकीकडे व डोळ्यांनी पाहिलेले दुसरीकडे, असा भेद त्यांनी राखला. ज्या विषयात आपणांस गती नाही तेथे ओढूनताणून नाव न ठेवता, पाने बन्बरी ह्यांजकडे, किडे मरे ह्यांजकडे व कवटी ओवेन ह्यांजकडे गेली. म्हणून त्यांचे चुकलेले अनुमान सुधारावयास लागणारी साधने त्यांच्याच संग्रहातून व त्यांनी दाखविलेल्या स्थळांतून मिळू शकली. स्वतःच्या चुका दुरुस्त करण्याची सोय जो मागे ठेवून जातो, त्याचे काम टिकते.

त्यांची जिज्ञासा दगडांपुरतीच नव्हती. नागपूरच्या तळ्यातील एका सूक्ष्म जीवसमूहास मुंबईचे डॉ. कार्टर ह्यांनी १८५८ साली हिस्लोपिया हे नाव दिले. टाकळीच्या एका हिरवट खनिजासही त्यांचेच नाव मिळाले. गोंड लोकांमध्ये फिरून त्यांनी त्यांची भाषा, चालीरीती व लिंगो ह्या कुलपुरुषाची दीर्घ गीतकथा टिपून घेतली. ज्या लोकांस शहरवासी रानटी म्हणून दूर ठेवीत, त्यांच्या तोंडची गाणी कागदावर उतरविण्यासारखी आहेत हे ह्या परदेशी गृहस्थाने ओळखले. ही टिपणे त्यांच्या पश्चात १८६६ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून प्रसिद्ध केली.

१८५३ च्या अखेरीस रघूजी भोसले निपुत्रिक वारले व नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. नव्या अंमलातील गैरव्यवस्था हिस्लॉप ह्यांच्या नजरेतून सुटली नाही. स्वतः इंग्रजी राज्याचे प्रजाजन असूनही रयतेच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रांतून निर्भीडपणे लिहिले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व लौकरच टेंपल तेथील मुख्य अधिकारी झाले. त्यांचा व हिस्लॉप ह्यांचा चांगला स्नेह जमला.

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या शिळांची वर्तुळे आहेत. ती लोहयुगातील लोकांची दफनस्थाने होत. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल ह्यांच्यासह हिस्लॉप ती पाहावयास गेले. दिवस पावसाळ्याचे होते. ४ सप्टेंबर रोजी टाकळघाटाहून बोरीच्या मुक्कामी घोड्यावरून एकटेच परतत असता त्यांस अंधार पडला. वाटेतील ओढा पुराने फुगला होता. तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर आला होता. मागे पत्नी व मुले होती. ज्यांनी अठरा वर्षे ह्या भूमीची सेवा केली, त्यांचा देह नागपूरच्याच मातीत विसावला.

ह्या मृत्यूने केवळ एका कुटुंबाची व शाळेची हानी झाली असे नाही. त्यांनी मळेडीच्या सरीसृपांविषयी लिहिलेली पत्रे १८६४ साली, म्हणजे लिहिणारा हात थांबल्यावर, लंडनच्या त्रैमासिकात छापली गेली. पिसदुऱ्याच्या हाडांचा व सिरोंचाकडील थरांचा मेळ ते पुढे कसा घालते, हे आता कोण सांगणार?

परंतु पेरलेले बी मातीत राहिले होते. १८७९ साली रिचर्ड लिडेकर ह्यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून लांब मानेच्या महाकायांची एक नवी जात टायटॅनोसॉरस ह्या गणात नोंदविली. १८८५ साली मळेडीच्या एका सुसरीसारख्या प्राण्यास पॅरासुकस हिस्लोपाय हे नाव त्यांनीच दिले. १८८३ साली नागपुरास त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज उभे राहिले. पुढच्या शतकात प्रा. महालनोबिस ह्यांच्या निमंत्रणावरून पामेला रॉबिन्सन ही इंग्रज विदुषी कलकत्त्यास आली व तिच्या मार्गदर्शनाने भारतीय तरुण संशोधकांची तुकडी गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. त्या कामातूनच बारापासॉरस प्रकट झाला. त्याची हाडे मोठमोठ्या वृक्षांच्या खोडांबरोबर गुंतलेली आढळली. त्यावरून एखाद्या प्रचंड पुराने कळपच्या कळप वाहून नेला असावा, असे शास्त्रज्ञ अनुमान करतात. १९८८ साली त्याच खोऱ्यातील यामनपल्लीच्या हाडांवरून कोटासॉरस हा दुसरा महाकाय जगापुढे आला.

आणि ते दगड झालेले शेण? त्याचीही वेळ आली. लखनौच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह पिसदुऱ्याचे गोटे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात गवताच्या पानांत असणारे गारेचे सूक्ष्म कण दिसले. महाकाय सरीसृपांच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते, अशी तोवरची समजूत होती. २००५ साली ह्या शोधाने ती पालटली. इतकेच नव्हे तर त्यात भाताच्या कुळाशी नाते असलेली गवतेही आढळली. आपल्या इगतपुरीच्या खाचरांत जे पीक डोलते, त्याचे पूर्वज त्या महाकायांच्या पायांखाली उगवत होते! दीडशे वर्षांपूर्वी ज्या खेड्यातील गोटे एका शिक्षकाने टाकाऊ न मानता उचलले, त्याच खेड्याने जगाच्या पुस्तकात ही ओळ लिहिली.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, हिस्लॉप ह्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालय समुद्रापार होते व रिकामा वेळ तर नव्हताच. जवळ होती ती हातोडी, टिपणवही आणि पाहिले तेच लिहिण्याची सचोटी. तुमच्या शेतात विहीर खणताना, रस्त्याच्या कामात डोंगर फोडताना, वा नदीच्या पात्रात खेळताना एखादा अनोखा दगड हाती आला, तर तो भिरकावून देऊ नका. कोठे मिळाला, किती खोल मिळाला, शेजारी काय होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा व आपल्या शिक्षकांस दाखवा. आणि पालकांस एवढीच विनंती की, मुलाच्या खिशात दगड सापडले तर रागावण्यापूर्वी ते कोठले, हे त्यास एकदा विचारावे.

हिस्लॉप ह्यांनी तो सांगाडा पाहिला नाही. त्याचे नावही त्यांच्या कानी पडले नाही. तरी त्या खोऱ्यातील दगड वाचता येतात, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या मंडळींत ते होते. आपल्या गोदेचे पाणी आजही रामकुंडावरून निघून त्याच संगमाकडे जात आहे.